परिचारिकांच्या परीक्षा : अपयशाचा हिशेब

परिचर्येच्या क्षेत्राशी संबंधित अशा दोन महत्त्वाच्या घटना गेल्या काही वर्षांत घडल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झाला आणि १९४७ च्या जुन्या परिषद-कायद्याच्या जागी नवी व्यवस्था आणण्याचे ठरले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्या मनुष्यबळात परिचारिकांचाही समावेश होता. दोन्ही घटनांची चर्चा आपल्याकडे झाली ती जागा किती, वेतन किती आणि पाठवावयाचे किती, या संख्यांभोवती. या संख्यांच्या वाटेवर एक परीक्षा, किंबहुना परीक्षांची एक मालिकाच उभी आहे. त्या मालिकेत दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा अडखळणाऱ्या मुलींचे काय होते, हा प्रश्न मात्र चर्चेत फारसा आलाच नाही.

पुलगावसारख्या गावी हा प्रश्न केवळ कागदावरचा नाही. कापूस गिरणीवर गावाचा संसार चालत असे तो काळ मागे पडला. दारूगोळा भांडारातील नोकऱ्या मोजक्या आहेत आणि त्या सर्वांच्या वाट्याला येत नाहीत. अशा वेळी कारकुनाच्या, कामगाराच्या, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातील मुलीला जे थोडे दरवाजे उघडे दिसतात, त्यांत परिचर्येचा दरवाजा अग्रभागी आहे. सेवाग्रामला १९६९ पासून ग्रामीण भागातील देशाचे पहिले वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीला मोठे रुग्णालय आहे, आणि रेल्वेने वर्धा जवळ आहे. तीन किंवा चार वर्षे शिकले की हाताला काम मिळेल, हा पालकांचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु या हिशेबात एक रकाना कोरा राहतो. परीक्षेत यश आले नाही तर काय, याचा तो रकाना आहे.

एकच शब्द, तीन घटना

‘नापास’ हा शब्द आपल्या समाजात एखाद्या शिक्क्यासारखा वापरला जातो. तो शिक्का एकच असला तरी त्याखाली तीन अगदी वेगळ्या घटना झाकल्या जातात. त्यांची फोड केल्याशिवाय अपयशाला तोंड कसे द्यावे, याविषयीचा कोणताही उपदेश पोकळ ठरेल.

पहिली घटना परवान्याच्या परीक्षेतील. रुग्णाच्या जिवाशी संबंध येणाऱ्या व्यवसायात कोणी प्रवेश करावा, हे ठरविणारी ही परीक्षा होय. आपल्या राज्यात परिचारिकेसाठी अशी स्वतंत्र परीक्षा नाही. अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि ही नोंदणी हाच परवाना. त्यामुळे अंतिम परीक्षाच प्रत्यक्षात परवान्याची परीक्षा ठरते. लेखी व प्रात्यक्षिक या दोहोंत स्वतंत्रपणे निम्मे गुण मिळवावे लागतात. अमेरिकेत मात्र पदवीनंतर ‘एनक्लेक्स’ नावाची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते आणि तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुली ती भारतातील केंद्रांवर बसून देतात. या प्रकारच्या परीक्षेचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात जागा मोजलेल्या नसतात. पट्टी ठरलेली असते. त्या पट्टीपर्यंत जितक्या जणी पोहोचतील तितक्या सर्व उत्तीर्ण होतात.

दुसरी घटना भाषेच्या परीक्षेतील. इंग्लंडला जावयाचे तर इंग्रजीची आणि जर्मनीला जावयाचे तर जर्मन भाषेची विवक्षित पातळी सिद्ध करावी लागते. येथे अनुत्तीर्ण होणारी मुलगी शीर अचूक शोधणारी, रात्रपाळीत वीस रुग्णांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणारी असू शकते. भाषा येणे आवश्यक आहे यात शंका नाही; डॉक्टरची सूचना समजली नाही तर अनर्थ ओढवेल. परंतु हे अपयश भाषेचे आहे, परिचर्येचे नव्हे. येथे एक उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. इंग्लंडच्या परिचर्या परिषदेने परदेशी परिचारिकांसाठी ‘आयईएलटीएस’ परीक्षेच्या चारही भागांत सातची पातळी ठेवली होती. लेखनाच्या भागात चांगल्या परिचारिकाही अडकतात असे अनुभवास आल्यावर २०१८ च्या अखेरीस तिने लेखनाची अट साडेसहावर आणली. अपयशाची संख्या वाढली की परीक्षार्थींप्रमाणे परीक्षेचीही तपासणी करावी लागते, हे त्या संस्थेने मान्य केले, असाच याचा अर्थ.

तिसरी घटना भरतीच्या परीक्षेतील. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांसाठी २०२० पासून परिचर्या अधिकाऱ्यांची सामाईक भरती परीक्षा घेतली जाते. नागपूरला अशी संस्था असल्याने आपल्या भागातील मुलींचेही त्या परीक्षेकडे डोळे लागलेले असतात. राज्य शासनाच्या व जिल्हा परिषदांच्या भरती परीक्षाही याच जातीच्या. या परीक्षांत पट्टी नसते, रांग असते. जागा शंभर आणि उमेदवार हजार असले, तर हजारही उमेदवार निष्णात असले तरी नऊशे बाहेर राहणार. त्यांच्या बाहेर राहण्यात त्यांच्या योग्यतेविषयीचे विधान अत्यल्प असते. जागांच्या संख्येविषयीचे विधान मात्र संपूर्ण असते.

शक्यतेचे साधे गणित

शिक्षक व विद्यार्थी वाचकांसाठी एक साधा हिशेब मांडतो. समजा, एखाद्या भरतीत पाच योग्य उमेदवारांपैकी एकीची निवड होते आणि प्रत्येक वेळी संधी सारखीच आहे. मग तीन वेळा बसूनही निवड न होण्याची शक्यता किती? पाचांतील चार भागांचा तीन वेळा गुणाकार केला की उत्तर येते शंभरात एक्कावन्न. म्हणजे पूर्णपणे पात्र असलेल्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुली तीन प्रयत्नांनंतरही रिकाम्या हातांनी परततील. प्रत्यक्षात संधी सर्वांना सारखी नसते आणि तयारीने ती वाढतेही. परंतु या हिशेबातील तात्पर्य त्यामुळे बदलत नाही. तीन वेळा निवड झाली नाही म्हणून ‘हिच्यात काही दमच नाही’ असा निष्कर्ष जे घर, जे गाव, जे नातेवाईक काढतात, ते गणितातच चूक करीत असतात.

परवान्याच्या परीक्षेला मात्र हा युक्तिवाद लावता येणार नाही, आणि तेथे तो लावण्याचा मोह टाळला पाहिजे. आरोग्यसेवेच्या बाजारात खरेदीदाराला मालाची पारख नसते. रुग्णाला टोचणाऱ्या हाताचे ज्ञान तपासता येत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर लिहिताना या अनिश्चिततेकडे लक्ष वेधले आणि परवान्याच्या पद्धतीकडे ते तिच्यावरील समाजाचा एक उपाय म्हणून पाहत होते. उलट मिल्टन फ्रीडमन यांना परवाना म्हणजे व्यवसायातील जुन्या मंडळींनी नव्यांची वाट अडविण्याचे साधन वाटे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ३१ मे २०१६ च्या पहाटे येथील दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले आणि जखमींना रुग्णालयांत हलवावे लागले, ती रात्र पाहिलेल्या या गावाला हे पटवून देण्याची गरज नाही की, त्या वेळी खाटेशी उभ्या असलेल्या परिचारिकेला आपले काम येते की नाही, हा तात्त्विक वादाचा विषय उरत नाही. नापास होणाऱ्या मुलींविषयीची सहानुभूती म्हणून पट्टी खाली आणावी, असे कोणी सुचवील तर ते रुग्णावर अन्याय करणारे होईल.

तथापि परीक्षेच्या मर्यादांचेही भान असावे. नाइटिंगेल बाईंसारख्या या व्यवसायाच्या प्रवर्तिकेने परीक्षेवर आधारलेल्या शासकीय नोंदणीला आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात कसून विरोध केला होता. परिचारिकेचे शील आणि रुग्णाविषयीची आस्था प्रश्नपत्रिकेने मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. काळाने त्यांच्या विरुद्ध निर्णय दिला. १९०१ मध्ये न्यूझीलंडने आणि १९१९ मध्ये इंग्लंडने नोंदणीचे कायदे केले, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यांच्या विरोधातील सत्याचा अंश शिल्लक आहे. परीक्षा ज्ञानाची किमान पातळी मोजते. माणसाची किंमत ती मोजत नाही.

अपयशाची किंमत कोण मोजतो?

आता घराच्या वहीकडे वळू. अमेरिकेच्या परीक्षेचे शुल्क दोनशे डॉलर आणि परदेशातील केंद्रावर बसण्याचे आणखी दीडशे. म्हणजे एका प्रयत्नाला तीस हजार रुपयांच्या घरात खर्च येतो. लहान शहरातील खासगी रुग्णालयात नव्याने लागलेल्या परिचारिकेचे दोन-तीन महिन्यांचे वेतन त्यात जाते. त्यावर शिकवणीचे शुल्क, शहरातील खोलीचे भाडे, प्रवास. भरतीच्या परीक्षांना शुल्क कमी, पण वर्षे अधिक लागतात. या दृश्य खर्चाहून मोठा असतो तो अदृश्य खर्च. एक वाट धरली म्हणून जी दुसरी वाट सोडावी लागली, तिच्या किमतीला अर्थशास्त्रात संधिव्यय म्हणतात. तयारीसाठी नोकरी सोडून घरी बसलेल्या मुलीचे दोन वर्षांचे वेतन आणि दोन वर्षांचा खाटेजवळचा अनुभव हा तिचा संधिव्यय होय. परिचर्या हे हाताचे काम आहे. हात थांबले की ते विसरते. नोकरी सोडून परीक्षेची तयारी करणारी मुलगी अनेकदा ज्या गोष्टीची परीक्षा द्यावयाची, तिच्यापासूनच दूर जात असते.

याउलट एक चूक घरे वारंवार करतात. ‘एवढे पैसे घातले, आता माघार कशी घ्यावयाची?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. जो खर्च होऊन गेला तो मुलीने पुन्हा परीक्षा दिल्याने परत येत नाही आणि न दिल्यानेही परत येत नाही. पुढचा निर्णय पुढच्या खर्चावर आणि पुढच्या संभाव्य लाभावर घ्यावयाचा असतो. हे तत्त्व वर्गात शिकविणे सोपे आहे. आईने गळ्यातले सोने गहाण ठेवले असेल तेव्हा ते आचरणे कठीण आहे, हेही खरे. म्हणूनच किती प्रयत्न करावयाचे आणि किती खर्च करावयाचा, ही मर्यादा पहिल्या प्रयत्नापूर्वीच, मन शांत असताना, ठरवून ठेवावी.

या व्यवहारात आणखी एक पक्ष आहे आणि त्याचा फायदाच होतो. अंतिम परीक्षेत अडकलेल्या मुली खासगी शुश्रूषागृहांत नाममात्र वेतनावर काम करताना दिसतात. त्यांच्या अंगावर पांढरा किंवा निळा गणवेश असतो, रुग्ण त्यांना ‘सिस्टर’ म्हणतो, आणि नोंदणी मात्र नसते. मालकाला स्वस्त हात मिळतात, नोंदणीकृत परिचारिकेच्या वेतनावर दाब राहतो, आणि रुग्णाला याचा पत्ता नसतो. अनुत्तीर्णांची ही फळी जितकी मोठी, तितके हे चालू ठेवणे सोयीचे. म्हणजे नापास मुलीचा प्रश्न हा तिच्या घरापुरता खासगी प्रश्न राहत नाही.

माहिती देणारे अपयश

अपयशाचा उपयोग व्हावयाचा असेल तर त्याने काही सांगितले पाहिजे. या बाबतीत अमेरिकेच्या परीक्षेपासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ती परीक्षा १९९४ पासून संगणकावर घेतली जाते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अधिक कठीण येतो, चुकले की सोपा. परिणामी हुशार उमेदवारालाही बरेच प्रश्न अवघड वाटतात आणि जवळजवळ प्रत्येक जण आपण बुडालो असे समजूनच बाहेर पडतो. ही रचना ठाऊक नसलेली मुलगी घाबरते; ठाऊक असलेली सावरते. आणि अनुत्तीर्ण होणाऱ्या उमेदवाराला तेथे एक अहवाल मिळतो. कोणत्या विषयभागात ती पट्टीच्या वर होती, कोणत्या भागात पट्टीजवळ आणि कोणत्या भागात खाली, हे त्यात दिलेले असते. पुन्हा बसण्यापूर्वी किमान पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. म्हणजे दुरुस्तीसाठी नकाशाही मिळतो आणि सक्तीचा अवकाशही.

आपल्याकडे गुणपत्रिकेवर विषयाचा आकडा येतो. औषधांची मात्रा काढण्याच्या गणितात चुकले, की प्रसूतीच्या गुंतागुंतीत, की प्रश्नाचे इंग्रजीच समजले नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मराठी माध्यमातून बारावी झालेली मुलगी परिचर्येची इंग्रजी पुस्तके पाठ करते, आणि ‘प्रथम काय कराल?’ असा निर्णयाचा प्रश्न आला की पाठांतर निरुपयोगी होते. तिला कारण न सांगता ‘पुन्हा बस’ म्हणणे म्हणजे निदानाशिवाय तेच औषध पुन्हा देण्यासारखे आहे. परिचर्या शिकविणाऱ्यांना तरी ही पद्धत मान्य होऊ नये. परीक्षा मंडळाने आणि विद्यापीठाने अनुत्तीर्ण विद्यार्थिनीला घटकवार अहवाल द्यावा. त्यासाठी लागणारा खर्च फेरपरीक्षेच्या शुल्कातूनही निघू शकेल.

दुसरी मागणी संस्थांविषयी आहे. परदेशात वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्या डॉक्टरांसाठी २००२ पासून आपल्याकडे परवान्याची चाळणी परीक्षा आहे. २०१५ ते २०१८ या काळात तिला बसलेल्या सुमारे ६१,७०० पैकी सुमारे ८,८०० जण उत्तीर्ण झाले. हा आकडा भयावह आहे; पण राष्ट्रीय परीक्षा मंडळाने त्या काळातील निकाल महाविद्यालयवार प्रसिद्ध केले, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. कोणत्या महाविद्यालयाचे किती विद्यार्थी बसले आणि किती उत्तीर्ण झाले, हे पालकांना प्रवेशापूर्वी पाहता येऊ लागले. परिचर्येच्या प्रत्येक संस्थेचा पहिल्या प्रयत्नातील निकाल असाच ठळकपणे प्रसिद्ध झाला पाहिजे. एखाद्या संस्थेतील दोन मुली अनुत्तीर्ण झाल्या तर तो मुलींचा प्रश्न. निम्मा वर्ग वर्षानुवर्षे अनुत्तीर्ण होत असेल तर तो संस्थेचा प्रश्न. आज दोन्ही अपयशे मुलीच्याच नावावर लिहिली जातात.

घराचे आणि शाळेचे कर्तव्य

शासनाने करावयाच्या गोष्टी शासन करील तेव्हा करील. दरम्यान ज्या मुलीचा निकाल या आठवड्यात लागला आहे, तिने काय करावे? प्रथम आपले अपयश तिन्हींपैकी कोणत्या जातीचे आहे, हे तिने ओळखावे. परवान्याच्या परीक्षेतील असेल तर तयारीची रीत बदलल्याशिवाय पुन्हा बसू नये. तीच टिपणे, तीच शिकवणी, तोच दिनक्रम आणि वेगळ्या निकालाची अपेक्षा, हा आशावाद नव्हे. भाषेचे असेल तर भाषेवर काम करावे आणि परिचर्येवरील आपला विश्वास ढळू देऊ नये. भरतीचे असेल तर नोकरी करीत प्रयत्न करावा, वयाची आणि प्रयत्नांची मर्यादा आधी ठरवावी, आणि ती संपली की खासगी रुग्णालय, शाळेतील आरोग्यसेवा किंवा पुढील शिक्षण यांपैकी दुसरी वाट मान वर करून धरावी. अशा मुलीकडे नोंदणी आहे, विद्या आहे. तिला फक्त एक विशिष्ट खुर्ची मिळाली नाही, इतकेच.

घरातील वडीलधाऱ्यांवर आणि आपल्यासारख्या शिक्षकांवर याहून नाजूक जबाबदारी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची होती. या सर्व परीक्षेमुळे झाल्या असे नव्हे. कारणे अनेक असतात. पण निकालानंतर गप्प झालेली, जेवणावरून उठून जाणारी, मैत्रिणींना टाळणारी मुलगी दिसली तर तिला एकटे सोडू नये, एवढे आपण सर्वांनी समजून घ्यावे. शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालू असते आणि तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर निकालपत्रकाच्या शेजारी लागला पाहिजे.

लग्नाच्या बाजारात ‘मुलगी दोनदा नापास झाली’ हे वाक्य जितक्या सहजतेने उच्चारले जाते, तितक्याच सहजतेने ‘कशात?’ हा प्रतिप्रश्न विचारला जाऊ लागला, तर पुष्कळ काम होईल. बारा तासांची पाळी करून रात्री पुस्तक उघडणारी परिचारिका आपल्या जिल्ह्यात दुर्मीळ नाही. ती उत्तीर्ण होईल की नाही हे परीक्षा ठरवील, आणि ते परीक्षेनेच ठरवावे. मात्र परीक्षेने न विचारलेल्या प्रश्नांचे उत्तरही तिच्या निकालातून काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.